मेडिकल बोर्डाचा नकार आला, तरी अपिलाचा रस्ता उघडा असतो
मान आणि मणक्याच्या दुखण्यासाठी माजी सैनिकांची डिसेबिलिटी पेन्शन : घरातल्या बाईने काय बघावं, काय जपून ठेवावं



आपल्या कोकणातून फौजेत आणि नेव्हीत जाणारे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पूर्णगड, गावखडी, पावस या आपल्या पट्ट्यात गटाच्या बैठका घेताना कुणाचा नवरा, कुणाचे सासरे, कुणाचा दीर फौजेतून आलेला आहे हे बोलता बोलता कळतं. आणि मग हेही कळतं की त्यांची मान वळत नाही, सकाळी उठताना कंबर धरते, हाताला मुंग्या येतात, पाण्याची कळशी उचलवत नाही. आपण म्हणतो, "वय झालं." तेल चोळतो, शेक देतो, आणि जड कामं आपल्या अंगावर घेतो.

पण ते दुखणं नोकरीत असताना सुरू झालं असेल, किंवा नोकरीमुळे वाढलं असेल, तर त्यावर डिसेबिलिटी पेन्शन मिळू शकते. बऱ्याच जणांनी ती मागितलेली असते आणि सरकारकडून नकार आलेला असतो. नकाराचं पत्र इंग्रजीत येतं. घरात कुणी ते नीट वाचत नाही आणि ते पेटीत जाऊन पडतं.

या लेखातून दोनच गोष्टी लक्षात ठेवल्यात तरी पुरे. ते पत्र म्हणजे शेवट नाही. आणि त्या पत्रावरची तारीख फार महत्त्वाची आहे, कारण त्या तारखेपासून अपिलाची मुदत चालू होते.

ही पेन्शन नक्की कसली?

नोकरीची वर्षं पूर्ण करून आलेल्याला साधी पेन्शन मिळतेच. जवान किंवा खलाशी असेल तर साधारण पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर. डिसेबिलिटी पेन्शनमध्ये दोन भाग असतात. एक नोकरीचा भाग आणि दुसरा अपंगत्वाचा भाग. साधी पेन्शन आधीच चालू असेल, तर त्यात अपंगत्वाचा भाग वाढून मिळतो. दुखण्यामुळे मुदतीआधीच घरी पाठवलेला असेल, तर त्याला दोन्ही भागांचा हक्क सांगता येतो.

त्यासाठी दोन अटी आहेत.

पहिली अट : दुखणं नोकरीमुळे झालेलं असावं, किंवा नोकरीमुळे वाढलेलं असावं. दोन्हीपैकी एक पुरे आहे. ही गोष्ट नीट समजून घ्या. मणक्याची झीज आधीपासून थोडी होती, पण फौजेतल्या कामाने ती वाढली, तरीही हक्क बनतो.

दुसरी अट : अपंगत्व किमान २० टक्के असावं. हे टक्के मेडिकल बोर्ड ठरवतं. निवृत्त होताना किंवा आजारपणामुळे घरी पाठवताना फौजेचे डॉक्टर एकत्र बसून तपासणी करतात, त्यालाच मेडिकल बोर्ड म्हणतात.

मान-मणक्याच्या केसला नकार का येतो?

आपल्या मानेत सात मणके आहेत. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. ती झिजली, सरकली किंवा फुगली की शेजारची नस दाबली जाते. मग मान आखडते, खांदा दुखतो, बोटं बधिर होतात. कमरेत तसंच झालं तर कळ पायात उतरते. कागदांवर यासाठी 'सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस', 'लंबर स्पॉन्डिलोसिस', 'पीआयव्हीडी' किंवा 'डिस्क प्रोलॅप्स' असे शब्द दिसतील. पीआयव्हीडी आणि डिस्क प्रोलॅप्स म्हणजे आपण ज्याला गादी सरकणं म्हणतो तेच.

गोळी लागली, पाय तुटला, तर कारण दिसतं. मणक्याचं तसं नसतं. तो हळूहळू झिजतो. त्यामुळे बोर्ड बरेचदा लिहितं की ही वयोमानाने होणारी झीज आहे, नोकरीशी संबंध नाही. कधी लिहितं की दुखणं सुरू झालं तेव्हा जवान शांत भागात होता, सीमेवर नव्हता. कागदावर 'एनएएनए' अशी चार अक्षरं असतात. त्याचा अर्थ, नोकरीमुळे झालेलंही नाही आणि वाढलेलंही नाही. त्या चार अक्षरांवर पेन्शन अडते.

आता तुम्हीच विचार करा. वीस-बावीस वर्षांचा पोरगा भरती होतो तेव्हा डॉक्टर त्याला डोक्यापासून पायापर्यंत तपासूनच घेतात. मग पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढणं, खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास ट्रक चालवणं, जड पेट्या उचलणं, जहाजाच्या अरुंद शिड्या चढणं-उतरणं हे पंधरा-वीस वर्षं चालतं. पस्तिशी-चाळिशीत मान गेली, तर ती फक्त वयामुळे गेली असं कारण न देता कसं म्हणता येईल?

सुप्रीम कोर्ट काय म्हणालं?

हाच प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला होता. त्यातले तीन निकाल आपल्या कामाचे आहेत. ते मणक्याचे नाहीत, पण त्यातला नियम मणक्यालाही लावून मागता येतो.

धरमवीर सिंग यांचा निकाल, २ जुलै २०१३. हे जवान १९८५ मध्ये भरती झाले. सुमारे नऊ वर्षांनी फिटच्या आजारामुळे त्यांना घरी पाठवलं. बोर्डाने २० टक्के अपंगत्व दिलं, पण नोकरीशी संबंध नाही असं लिहिलं आणि पेन्शन नाकारली गेली. कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असंच धरायचं. नंतर तब्येत बिघडली तर ती नोकरीमुळे बिघडली असं मानायचं. तसं नाही असं सरकारला म्हणायचं असेल, तर सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. आणि बोर्डाने आपल्या मताची कारणं लिहिली पाहिजेत. त्यांना पेन्शन मंजूर झाली.

सुखविंदर सिंग यांचा निकाल, २५ जून २०१४. आजारामुळे नोकरीतूनच काढलं असेल, तर अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा जास्त आहे असं मानावं, असं कोर्ट म्हणालं. कामावर ठेवण्याइतका तो बरा नाही म्हणायचं आणि टक्के मात्र वीसच्या आत दाखवायचे, हे चालणार नाही.

राम अवतार यांचा निकाल, १० डिसेंबर २०१४. हा टक्के वाढवून धरण्याबद्दल आहे. ५० च्या आतले टक्के ५० धरायचे, ५० ते ७५ असतील तर ७५ धरायचे, आणि ७६ च्या पुढे १०० धरायचे. आधी हा फायदा फक्त आजारपणामुळे काढलेल्यांना देत होते. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो मिळाला पाहिजे, असं या निकालाने ठरलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. प्रत्येक केस जिंकतेच असं नाही. माणूस रजेवर घरी आलेला असताना खाजगी कामात अपघात झाला, तर त्याचा नोकरीशी संबंध धरत नाहीत. रजेवर असताना स्कूटरचा अपघात झालेल्या जुझार सिंग यांची मागणी सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये मान्य केली नाही. ड्युटीच्या ठिकाणाहून रजेवर घरी येतानाचा आणि परत जातानाचा प्रवास मात्र ठराविक अटींवर ड्युटीत धरतात. म्हणून मान किंवा कंबर कुठे, कधी, काय करताना दुखावली हे खरं खरं लिहा. खोटं लिहिलंत तर चांगली केसही बिघडते.

पैशाचा हिशोब

उदाहरण घेऊ. समजा शेवटचा पगार ४०,००० रुपये होता. १०० टक्के अपंगत्वाला अपंगत्वाचा भाग पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये. अपंगत्व २० टक्केच धरलं तर महिन्याला २,४०० रुपये होतात. तेच राम अवतार निकालाप्रमाणे ५० टक्के धरलं तर ६,००० रुपये होतात. म्हणजे महिन्याला ३,६०० आणि वर्षाला ४३,२०० रुपयांचा फरक. त्यावर महागाई भत्ता वेगळा.

त्यामुळे ज्यांना अपंगत्वाचा भाग आधीपासून मिळतोय त्यांनीही पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, किती टक्के धरलेत ते बघून घ्या.

हा हिशोब जुन्या नियमांचा आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झालेत. त्या तारखेनंतर निवृत्त झालेल्यांनी आपला हिशोब सैनिक कल्याण कार्यालयातूनच करून घ्यावा.

अपिलाच्या पायऱ्या

पहिली पायरी, पहिलं अपील. नकाराचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ते कुणाकडे पाठवायचं हे पत्रातच लिहिलेलं असतं.

दुसरी पायरी, दुसरं अपील. पहिल्या अपिलावर नकार आला, तर त्या पत्रापासून पुन्हा सहा महिन्यांच्या आत.

तिसरी पायरी, सशस्त्र दल न्यायाधिकरण. याला सगळे एएफटी म्हणतात. २००७ च्या कायद्याने हे खास फौजेच्या लोकांसाठी तयार झालं आणि २००९ पासून चालू आहे. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. दिल्लीला जायला लागत नाही. शेवटच्या नकारापासून सहा महिन्यांत इथे अर्ज करायचा. अपील करून सहा महिने झाले आणि उत्तरच आलं नाही, तरीही इथे जाता येतं, पण त्यापुढच्या सहा महिन्यांत. माजी सैनिक हयात नसेल तर त्याच्या वारसांनाही हा कायदा लागू आहे.

मुदत टळली असेल तर? उशीर का झाला ते सांगून माफी मागता येते. पण उशिराची किंमत मोजावी लागते. तर्सेम सिंग नावाच्या जवानाला १९८३ मध्ये आजारपणामुळे घरी पाठवलं होतं. ते कोर्टात गेले १९९९ मध्ये, सोळा वर्षांनी. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना थकबाकी दिली ती कोर्टात जाण्याआधीच्या फक्त तीन वर्षांची. बाकीच्या तेरा वर्षांचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून म्हणते, गणपती होऊ देत, शिमगा होऊ दे, असं करत बसू नका.

कोणते कागद जपायचे?

इथे आपलं काम सुरू होतं. फौजी माणूस वर्षानुवर्षं बाहेर असतो. घरातले कागद कुठे आहेत हे बाईलाच माहीत असतं. पत्र्याची पेटी, माळा, गादीखालची पिशवी, सगळं बघा. आणि हे वेगळं काढा :

१. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ.
२. मेडिकल बोर्डाची प्रत. त्यावर 'एएफएमएसएफ-१६' असा फॉर्म नंबर असतो. सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच.
३. नकाराचं पत्र, आणि जमलं तर ते आलं तो लिफाफा. पोस्टाच्या शिक्क्यावरून तारीख कळते.
४. फौजी दवाखान्यात दाखल झाल्याचे, घरी सोडल्याचे कागद. एक्स-रे, एमआरआय.
५. पडला असेल, गाडीचा अपघात झाला असेल तर त्याचा इंज्युरी रिपोर्ट.
६. कामातून सूट दिल्याचे कागद. दुखणं झालं की फौजेत मेडिकल कॅटेगरी खाली आणतात आणि ओझं उचलू नये, पळू नये असं लिहून देतात. नोकरीत असतानाच त्रास सुरू झाला याचा हा चांगला पुरावा आहे.
७. निवृत्तीनंतर चालू असलेल्या उपचारांचे कागद.

पावसाळ्यात आपल्याकडे कागदाला बुरशी धरते. म्हणून सगळं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्सच द्या.

कागद हरवले असतील तर माहितीच्या अधिकारात मागता येतात. केंद्र सरकारच्या कार्यालयाला १० रुपये फी असते आणि ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अर्ज जवानाच्या रेकॉर्ड ऑफिसला करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, आणि नेव्हीच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला.

हे काम पुढे ढकलू नका याला आणखी एक कारण आहे. एरवी सिद्ध करण्याचा भार जवानावर नसतो. पण २००८ च्या नियमांत असं आहे की निवृत्तीनंतर पंधरा वर्षं उलटल्यावर मागणी केली आणि तोपर्यंत सरकारकडची कागदपत्रं मुदत संपून नष्ट झाली असतील, तर सिद्ध करायचा भार जवानावर येतो. तेव्हा आपल्या पेटीतला कागद हाच पुरावा उरतो.

अपिलात काय लिहायचं?

अपील हिंदी किंवा इंग्रजीत लिहून घ्या. पण लिहिणाऱ्याला काय सांगायचं ते आधी आपण मराठीत कागदावर उतरवा. या पाच प्रश्नांची उत्तरं त्यात असू देत :

भरतीच्या तपासणीत मान किंवा पाठीची काही नोंद होती का? नव्हती, तर ते पहिलं वाक्य.

त्रास पहिल्यांदा कधी आणि कुठे सुरू झाला? तेव्हा काय काम होतं? नुसतं "कष्टाचं काम" लिहू नका. "सात वर्षं डोंगरी भागात ट्रक चालवत होतो", असं लिहा.

कोणत्या फौजी दवाखान्यात, कोणत्या साली उपचार झाले?

बोर्डाने संबंध नाही म्हणताना कारण काय दिलं? कारण दिलंच नसेल, किंवा "वयोमानाने" एवढाच शब्द असेल, तर तो मुद्दा स्पष्ट मांडा आणि धरमवीर सिंग निकालाचं नाव घाला. "शांत भागात होता" एवढंच कारण असेल तर लिहा की तिथेही ओझं, पहारा, पीटी आणि रात्रपाळी होती.

आज काय जमत नाही? किती वेळ बसवतं, किती चालवतं, हातातून वस्तू पडते का? हे तुम्ही रोज बघता, त्यामुळे तुमच्याइतकं नीट दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

अपील स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच पिशवीत ठेवा.

मदत कुठे मिळेल?

रत्नागिरीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. पहिली फेरी तिथे. पत्र वाचून घ्यायला आणि अपील कुठे पाठवायचं ते विचारायला पैसे लागत नाहीत.

वकील परवडत नाही असं वाटत असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला स्वतःच्या केससाठी मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. म्हणजे जवानाच्या मागे त्याची पत्नी स्वतः अर्जदार असेल तर तिला हा हक्क आहे. अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेले यांनाही तो आहे.

"पेन्शन करून देतो, थकबाकीतले एवढे टक्के द्या," असं म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला मूळ कागद, बँकेचं पासबुक, ओटीपी यातलं काही देऊ नका. पेन्शन आता 'स्पर्श' या संगणक प्रणालीवर चालते. तिचा पासवर्ड घरातच राहू दे.

आणि एक फरक लक्षात घ्या. कोस्ट गार्ड, सीआरपीएफ, बीएसएफ यांच्या जवानांना हे नियम आणि हे न्यायाधिकरण लागू नाही. त्यांचे पेन्शनचे नियम वेगळे आहेत आणि कोर्टात जायची वेळ आली तर त्यांना हायकोर्टात जावं लागतं. पण नकाराच्या पत्राची तारीख बघणं आणि कागद जपणं हे त्यांच्याही घरांना तितकंच लागू आहे.

गटाने काय करायचं?

पुढच्या बैठकीत बचत आणि कर्जाचं काम झालं की दहा मिनिटं ठेवा. कुणाच्या घरी माजी सैनिक आहे, कुणाकडे नकाराचं पत्र पडून आहे, त्यावर तारीख काय आहे, एवढंच विचारा आणि रजिस्टरमध्ये लिहा. बाईचा नवरा हयात नसेल तर तिला आवर्जून विचारा, कारण ती स्वतःहून बोलणार नाही. दोन-तीन जणी निघाल्या तर एकाच दिवशी एसटीने रत्नागिरीला जा. एकटीला सरकारी कार्यालयात बोलायला अवघड वाटतं, तिघी असल्या की एक विचारते, दुसरी लिहून घेते, तिसरी कागद सांभाळते.

पत्र वाचता येत नसेल तर बैठकीला घेऊन या. आपण एकत्र बसून वाचू. सगळ्यात आधी तारीख बघू.